जांभळी जांभळ्यात, हिरवी हिरव्यात

बटण दाबल्यापासून अकराव्या सेकंदाला कॉम्प्युटरचा तो हिरवा दिवा एकदा मिचकायचा आणि मग स्थिर व्हायचा. थोरलीने स्टॉपवॉच लावून तीनदा मोजलं होतं. अकरा, अकरा आणि साडेदहा. पण तिसऱ्या खेपेला आईने स्वयंपाकघरातून हाक मारल्यामुळे बोट आधीच दाबलं गेलं असावं, म्हणून तो आकडा तिने कंसात टाकला होता. दिव्यानंतर पंखा घरघरायचा, खोक्याच्या पोटात कुठेतरी 'टक्' व्हायचं आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ येऊन थांबायची. कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.

जो कीबोर्ड सापडतच नाही त्याच्यावरचं बटण दाबायला सांगणारा माणूस एकदा भेटायला हवा, असं थोरलीला सोमवारी सकाळपासून वाटत होतं. तरीही तिने एफ-वन दाबून पाहिलं होतं. हळू दाबलं, जोरात दाबलं, दाबून धरलं. ओळ काही हलली नाही.

एरवी थोरली चिडणारी नव्हती. पण हा आठवडाच असा होता की तो कॉम्प्युटर चालू होणं आणि न होणं यांच्यामध्ये तिचं एक गुपित अडकून पडलं होतं.

घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं वजनं तपासायचं काम चालायचं. औषधांची दुकानं, शाळांच्या प्रयोगशाळा, रुग्णालयं आपापल्या वजनांच्या पेट्या आणून देत. बाबा एकेक वजन आपल्याजवळच्या खात्रीच्या वजनाशी ताडून पाहायचे आणि कुठलं किती कमी भरतं, किती जास्त, याचं प्रमाणपत्र द्यायचे. एका भिंतीशी काचेच्या पेटीत तराजू होता, ऊन-वारा लागू नये म्हणून खिडकीपासून लांब. समोरच्या भिंतीशी कॉम्प्युटर आणि प्रिंटर. बाबा चाळीस वर्षं हे काम करत होते. विद्यापीठातली नोकरी सोडून थोरली त्यांच्या हाताखाली आली, त्यालाही आता अठरा वर्षं झाली होती.

या खोलीचा कायदा एकच. वाचणारा एक, लिहिणारा दुसरा. वाचणाऱ्याने काट्याकडे बघायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा, वहीत डोकवायचं नाही. लिहिणाऱ्याने तो आकडा तोंडाने परत म्हणायचा आणि लिहायचा, काट्याकडे बघायचं नाही. दोघंही दोन्हीकडे बघायला लागले की माणूस नकळत आकडे जुळवून घेतो, असं बाबांचं म्हणणं. आणि ते खोटं नव्हतं. बाबा वाचायचे, थोरली लिहायची. म्हणून कामाच्या वेळी ते तिला लेखनिक म्हणायचे आणि लेखनिकाला अहो-जाहो करायचे. आईचे मात्र त्या पुकाऱ्याने कान किटले होते. एकाच घरात राहून तुम्ही दोघं स्टेशनमास्तरासारखे का ओरडता, असं ती वर्षातून चारदा तरी विचारायची.

गुपित होतं ते असं. तराजूचा काटा एका जागी थांबत नाही, झुलतो. डावीकडे किती गेला, उजवीकडे किती, परत डावीकडे किती, असे पाच झोके वाचायचे आणि त्यावरून काटा थांबला असता तर कुठे थांबला असता ते काढायचं. दर खेपेला झोका थोडा लहान होतो. पण कुणी दार उघडलं, कुणी जोरात पाऊल टाकलं, अशा बारीकसारीक कारणांनी कधी जास्त लहान होतो, कधी कमी. चौदा महिन्यांपूर्वी वहीची पानं उलटताना थोरलीच्या लक्षात आलं की बाबांचे अलीकडचे झोके दर वेळी अगदी सारख्या मापाने लहान होताहेत. पानामागून पान. आधी तिला कौतुक वाटलं, मग शंका आली. कुठलाही काटा इतका शहाण्यासारखा वागत नाही. बाबा पहिला झोका कसाबसा बघत होते आणि उरलेले चार जसे असायला हवेत तसे सांगत होते.

ती लबाडी नव्हती. चाळीस वर्षं पाहिलेला काटा त्यांना डोळ्यांपुढे दिसतच असणार. फक्त तो समोरच्या तराजूतला नव्हता.

डोळे दाखवून घ्या, असं तिने एकदा सहज बोलल्यासारखं करून सुचवलं होतं. बाबांनी चष्मा पुसला आणि बघू सवडीने म्हणाले. ती सवड अजून यायची होती. मग थोरलीने वाट काढली. बाबा रोज साडेचार ते साडेपाच फिरायला जायचे. तेवढ्या तासात ती वजनं परत तराजूत घालायची, स्वतः वाचायची, स्वतः लिहायची, म्हणजे खोलीचा कायदा एकटीनेच मोडायची, आणि प्रमाणपत्रात आपले आकडे भरायची. बाबा छापून आलेल्या कागदावर न वाचता सही करायचे. वहीत एक आकडा, कागदावर दुसरा, दोन्हीकडे तारीख मात्र तीच. विज्ञान शिकलेल्या माणसाने मान खाली घालावी असा प्रकार. या महिन्यात सांगायचंच, असं ती दर महिन्याला ठरवायची, आणि महिना संपायचा.

हे सगळं चालायचं ते कॉम्प्युटरच्या जोरावर. तोच आता हटून बसला होता. बरं, या आठवड्यातली पेटी होती रुग्णालयाच्या औषध विभागाची. लहान मुलांच्या औषधाच्या पुड्या ते लोक या वजनांवर मापत. बुधवारी संध्याकाळी सहाला त्यांचा माणूस पेटी न्यायला येणार होता.

"एवढा काय जीव काढताय?" बाबा सोमवारी म्हणाले होते. "कॉम्प्युटर नव्हता तेव्हा प्रमाणपत्रं जात नव्हती? वही आहे, माझी सही आहे. हाताने लिहून टाकू."

बुधवारपर्यंत वेळ आहे, आधी दुरुस्तीचं बघू, असं म्हणून थोरलीने विषय ढकलला. वहीतले आकडे जसेच्या तसे उतरले तर काय होईल, हे त्या घरात तिला एकटीला माहीत होतं.

झालं, कॉम्प्युटरची तपासणी सुरू झाली. आणि बाबांच्या घरात तपासणी म्हणजे वाचणारा एक आणि लिहिणारा दुसरा, मग तराजू असो की टेबलाखालच्या वायरी. एकाहत्तराव्या वर्षी बाबा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले, फक्त पाय बाहेर राहिले.

"लेखनिक, वही घ्या. विजेची वायर, घट्ट."

"विजेची वायर, घट्ट."

"पडद्याची वायर, घट्ट. दोन्ही स्क्रू पिळलेत."

"दोन्ही स्क्रू पिळलेत. कीबोर्डची आणि माऊसची?"

कॉम्प्युटर जुना होता. त्याच्या पाठीवर एकाच मापाची दोन गोल सॉकेटं होती, एक जांभळं, एक हिरवं. जांभळ्यात कीबोर्डची जांभळी पिन जायची, हिरव्यात माऊसची हिरवी.

"जांभळी जांभळ्यात, हिरवी हिरव्यात," बाबा टेबलाखालून म्हणाले.

"जांभळी जांभळ्यात, हिरवी हिरव्यात," थोरलीने कायद्याप्रमाणे परत म्हटलं आणि लिहिलं. मग बटण दाबलं. अकराव्या सेकंदाला दिवा मिचकला, पंखा घरघरला, टक् झालं. कीबोर्ड सापडत नाही.

सोमवारच्या दुपारी हे पाच वेळा झालं. पाचही वेळा वहीत तेच, पडद्यावर तेच. आई दारात उभी राहून म्हणाली, "तो कीबोर्ड इथेच टेबलावर आहे असं त्याला कुणीतरी समजावून सांगा." मग तिने बाबांच्या पायांवरून उडी मारल्यासारखं करत केर काढला आणि केरसुणी मुद्दाम दोनदा त्यांच्या तळव्यांना लावली.

संध्याकाळी धाकट्याला फोन लावला. थोरलीचा हा भाऊ दुसऱ्या शहरात मोठ्या कचेरीत होता आणि घरातल्या कुठल्याही यंत्राबद्दल दुरून हुकूम सोडायचा, म्हणून आईने त्याचं नाव हेड ऑफिस ठेवलं होतं. हेड ऑफिसने आधी विचारलं की बंद करून चालू केला का. थोरलीने सांगितलं, सतरा वेळा, तक्ता आहे माझ्याकडे. मग म्हणाला वायरी बघितल्यास का. बाबांनी बघितल्यात, थोरली म्हणाली. मग कीबोर्ड गेला असेल, नाहीतर मदरबोर्ड, नाहीतर असं कर ताई, हे सगळं खोकंच फेक आणि नवीन घे, किती दिवस त्या पुराणवस्तूला कवटाळून बसणार. बाबांनी फोन हातात घेतला आणि या कॉम्प्युटरने आजवर किती वर्षं एकही चूक न करता काम दिलंय, ते पाच मिनिटं ऐकवलं. पलीकडून धाकट्याच्या जेवणाचा आवाज येत होता.

मंगळवारी सकाळी थोरलीने खोकं कापडात गुंडाळलं आणि दुकानात नेलं. दुकान म्हणजे बोळाच्या तोंडाशी एक अरुंद खोली, भिंतीवर उघड्या पंख्यांच्या आणि वायरींच्या माळा. कॉम्प्युटरवाल्याने खोकं आडवं केलं, पाठीमागे पाहिलं आणि हसला.

"हे आकडे कुणी चिकटवले? वर्गातल्या बाकांसारखे?"

दोन गोल सॉकेटांशेजारी पांढऱ्या कागदाचे दोन चौकोनी तुकडे होते. एकावर १, दुसऱ्यावर २. बाबांचं अक्षर. थोरलीला ते आठवत होतं. बाबा दर रविवारी कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढायचे, ब्रशने धूळ झाडायचे आणि परत लावायचे. गेले दोन महिने त्यानंतर सोमवारी कॉम्प्युटर थोडी कुरकुर करायचा. मग बाबा टेबलाखाली जाऊन पिना काढून घालायचे, एकदा, दोनदा, आणि तो चालू व्हायचा. या रविवारी त्यांनी तो घोळच संपवायचं ठरवलं होतं. कात्री आणि डिंक घेऊन त्यांनी पिनांच्या वायरींना आणि सॉकेटांना आकडे लावले होते. एक एकात, दोन दोनात. आता डोळे मिटून लावली तरी चुकणार नाही, असं म्हणाले होते.

"माझे वडील फार पद्धतशीर आहेत," थोरली कॉम्प्युटरवाल्याला म्हणाली. तिला थोडा रागच आला होता त्याच्या हसण्याचा.

त्याने आपला कीबोर्ड, आपला माऊस, आपला पडदा जोडला आणि बटण दाबलं. खोकं एका दमात चालू झालं. परत बंद करून परत चालू केलं. पुन्हा तेच, गुणी बाळासारखं. यात काही बिघाड नाही, तुमचा कीबोर्ड गेला असणार, असं म्हणून त्याने गोल पिनेचा एक नवा कीबोर्ड शोधून दिला. थोरली बोळातून दोन्ही घेऊन आली तेव्हा तिला इतकं हलकं वाटत होतं की खोक्याचं ओझंही जाणवलं नाही.

घरी बाबा टेबलाखाली शिरले. जुन्या कीबोर्डच्या वायरीचा आकडा अलगद सोडवून त्यांनी नव्याच्या वायरीला लावला, मग सगळं जोडलं.

"जांभळी जांभळ्यात, हिरवी हिरव्यात."

"जांभळी जांभळ्यात, हिरवी हिरव्यात."

अकरा सेकंद. टक्. कीबोर्ड सापडत नाही.

थोरली खुर्चीत तशीच बसून राहिली. दुकानात चालतो, घरी चालत नाही. कीबोर्ड नवा. वीज तपासली होती, विजेचा बोर्ड बदलून पाहिला होता, पडदा ठीक होता, नाहीतर ही ओळ तरी कशी दिसली असती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तिने शिकताना घोटलं होतं आणि तसंच केलं होतं. वहीत बत्तीस नोंदी होत्या आणि त्यांच्यातून काडीचाही अर्थ निघत नव्हता. मंगळवारी रात्री जेवताना ती वही ताटाशेजारी ठेवून नोंदी परत वाचत होती. आईने दोनदा विचारलं की भाजीत मीठ नाही का.

बुधवारी दुपारी जेवताना बाबा खुशीत होते. कपाटातून त्यांनी जुने कोरे प्रमाणपत्राचे कागद काढून ठेवले होते, शाईचं पेन धुऊन भरलं होतं. फिरून आलो की बसू, अर्ध्या तासाचं काम, लेखनिकाच्या सुंदर अक्षरात जाऊ दे एकदा, असं ते म्हणाले. थोरलीने उरलेली पोळी बाजूला सारली.

"मला पण एक प्रमाणपत्र द्या," आई म्हणाली. "काल मी ती नवी शाल घेऊन बसले, तर म्हणतात कसे, राखाडी रंग तुला शोभतो."

"मग? शोभतोच."

"अहो, जांभळी आहे ती. चांगली वांग्यासारखी जांभळी."

बाबा हसले. "बायकांच्या रंगांची नावं आम्हाला कुठली कळायला?" असं म्हणून त्यांनी हात धुतले आणि साडेचारला काठी घेऊन फिरायला गेले.

थोरली वही घेऊन बसली होती. डोकं दुसरीकडे होतं. साडेपाचच्या आत काय करायचं याचा विचार. खरं सांगायचं की अजून एक खोटं रचायचं. बोट आपलं नोंदींवरून फिरत होतं. सोमवार. त्याआधीची कुरकुर, सोमवार. त्याच्याआधीची, तीही सोमवार. कॉम्प्युटरला वार कळत नाही. पण रविवारी वायरी निघायच्या. आणि त्या परत लावणारे हात एकाच माणसाचे.

मग शाल आठवली.

थोरली उठली. विजेरी घेतली, ओढणी कमरेला खोचली आणि टेबलाखाली शिरली. तीन दिवसांत, बत्तीस नोंदींत, तिने एकदाही तिथे डोकावून पाहिलं नव्हतं. का पाहिलं असतं? वाचणारे बाबा होते. बाबांचा काटा चुकतो हे तिला चौदा महिने माहीत होतं; बाबांच्या पिना चुकतील हे मनातही आलं नव्हतं. काट्याच्या रेषा केसाएवढ्या असतात. सॉकेट अंगठ्याएवढं असतं.

उजेड पडला. आकडे सुरेख चिकटवलेले होते, रेषेत, कडा कापून. एक नंबरची पिन एक नंबरात होती आणि दोन नंबरची दोनात. एक नंबरचं सॉकेट जांभळं होतं. त्यात खोचलेली पिन हिरवी होती. दोन नंबरचं सॉकेट हिरवं होतं, आणि त्यात नव्या कीबोर्डची जांभळी पिन.

आधी सोमवारी रुसला तरी एकदोनदा काढून घातल्यावर पिना बरोबर पडायच्या आणि तो चालू व्हायचा. आता आकडे लावल्यामुळे चूकही पक्की झाली होती. दर वेळी बाबा आकडा बघत होते आणि रंग सांगत होते.

ती तशीच खाली बसून राहिली. गुडघ्याला धूळही लागत नव्हती, इतकं स्वच्छ होतं टेबलाखाली. तीन दिवसांचा सगळा संताप गोळा होऊन आला आणि कुणावर काढावा ते कळेना. कॉम्प्युटर बिचारा तीन दिवस तेच एक वाक्य सांगत होता, आणि तेच खरं होतं. कीबोर्ड सापडत नव्हता.

तिने पिना बदलल्या आणि बटण दाबलं. दिवा, पंखा, टक्, आणि पडदा निळा होऊन उजळला.

पाचला दहा मिनिटं होती. ती वजनांकडे वळली. मोठी पितळी वजनं लवकर झाली, त्यात फारसा फरक नसायचाच. बारीक वजनं म्हणजे पातळ पत्र्याचे नखाएवढे चौकोन, चिमट्यात धरता यावेत म्हणून एक कोपरा वर वळवलेला. वीस मिलिग्रॅमचा तुकडा उचलताना चिमटा निसटला. तिने भिंग धरलं. वळवलेल्या कोपऱ्याचं टोकच नव्हतं. तराजूत तो दीड मिलिग्रॅम कमी भरला. तिने तीनदा वाचलं. बाबांच्या वहीत, तिच्याच अक्षरात, त्याच्यापुढे लिहिलं होतं, ठीक.

मोठ्या वजनात दीड मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही. विसात म्हणजे पुष्कळ. विशेषतः जी पुडी कुणा दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात जायची असते त्यात.

ती आकडे भरत होती तेव्हा आई दारात आली. हातात दोन कप होते. एक तिने प्रिंटरवर ठेवला, जिथे एरवी काही ठेवायचं नाही असा नियम होता, आणि बाबांच्या खुर्चीत बसली.

"अजून किती दिवस चालवणार आहेस हे?"

"काय चालवणार आहे?"

"मला तराजूतलं कळत नाही," आई म्हणाली, "पण ते बाहेर पडले की तराजूच्या पेटीचं दार सरकतं, ते रोज ऐकू येतं मला. वर्ष झालं. मी वाट बघतेय, तू बोलतेस की मी बोलू. माझ्या बोलण्याचं ते हसू करतात. दुपारी पाहिलंस ना."

थोरलीने प्रमाणपत्र छापायला दिलं. कागद बाहेर आला. मग फाटकाची कडी वाजली, नेहमीपेक्षा पाच मिनिटं आधी. आई आपला कप घेऊन आत गेली, पण स्वयंपाकघरातलं भांड्याचं काम तिने सुरू केलं नाही.

बाबा दारातच थबकले. पडद्याचा निळा उजेड त्यांना दिसला असावा, निदान उजेड तरी. तोंडभर हसू आलं.

"झाला? लेखनिक, शाबास. कुठे होती गोम?"

तिने एक वाक्य तयार ठेवलं होतं. नव्या कीबोर्डला वेळ लागतो कधीकधी, असलं काहीतरी. ते जिभेवर आलंसुद्धा.

"पिना उलट्या होत्या, बाबा. जांभळी हिरव्यात होती."

बाबांनी काठी कोपऱ्यात ठेवली. ती ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. "टेबलाखाली अंधार असतो," ते म्हणाले.

"हो," थोरली म्हणाली. "अंधार असतो."

म्हटलं आणि तिला स्वतःचाच असा राग आला की तोंड फिरवून तिने छापलेला कागद उगाच सरळ केला. पुन्हा तेच. दार उघडलं होतं आणि तिने आपल्याच हाताने लोटून घेतलं होतं. चौदा महिने हेच तर करत होती ती. बाबा सही करतील, माणूस येईल, पेटी जाईल, रविवारी पुन्हा धूळ झाडली जाईल.

बाबा आपल्या खुर्चीत बसले. पण आज, हाताने लिहायचं ठरलं होतं म्हणून, वही टेबलावरच उघडी होती, आणि बाबांना कागदाशी वही ताडून पाहायची हुक्की आली. पूर्वी ते नेहमी ताडायचे. वाचायची त्यांना गरज नव्हती. सोमवारचे चोवीस आकडे त्यांना पाठ होते. वहीच्या पानावर तळहात ठेवून त्यांनी सुरुवात केली.

"शंभर ग्रॅम, ठीक."

"शंभर ग्रॅम, ठीक," थोरली कागदाकडे बघत म्हणाली.

"पन्नास ग्रॅम, अधिक तीन दशांश."

तिच्या कागदावर अधिक चार होतं. "अधिक तीन," ती म्हणाली. मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाने पन्नास ग्रॅमचं काही बिघडत नव्हतं. त्यांचा आवाज खणखणीत होता, काट्यासमोर बसल्यासारखा. विसाचं, दहाचं, पाचाचं झालं. ग्रॅम संपून मिलिग्रॅम लागले. दर आकड्यानंतर ते थांबायचे, तिचा प्रतिध्वनी आला की पुढे जायचे. अठरा वर्षांत तो प्रतिध्वनी एकदाही चुकला नव्हता.

"पन्नास मिलिग्रॅम, ठीक."

"पन्नास मिलिग्रॅम, ठीक."

"वीस मिलिग्रॅम, ठीक."

थोरली काही बोलली नाही. मखमलीच्या खाचेत तो तुकडा होता, तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

बाबा थांबले होते. मान थोडी वाकडी करून, आवाज येईल त्या बाजूला कान देऊन. आत स्वयंपाकघरात एक भांडंही वाजत नव्हतं.

"लेखनिक? वीस मिलिग्रॅम, ठीक. परत म्हटलं नाहीत."

"नाही म्हणता येत, बाबा."

"का?"

"कोपरा तुटलाय त्याचा. दीड मिलिग्रॅम कमी आहे. मी तीनदा वाचलंय."

वहीवरचा त्यांचा हात हलला नाही. तुम्ही वाचलंत, असं त्यांनी विचारलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढला, पुसला नाही, नुसता वहीवर ठेवला, आणि तोंड तिच्याकडे केलं. तिच्याकडे म्हणजे तिच्या खांद्याच्या जरा उजवीकडे.

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल थांबल्याचा आवाज झाला. सहाला अजून अवकाश होता, पण रुग्णालयाचा माणूस कधीकधी लवकर यायचा. थोरलीने पेन खाली ठेवलं.

"बाबा," ती म्हणाली, "आजपासून काटा मी वाचणार. आणि सहीही मीच करणार."